खोक्यावरचे एक हजार एफपीएस

कुरियरवाला आमच्या गावात येत नाही. तो फाट्यावरच्या पानटपरीवर सामान टाकतो आणि फोन करतो, मग आपण जायचं. दिवाळी होऊन आठेक दिवस झाले असतील, शाळा अजून उघडायची होती, मी गाडीला किक मारून फाट्यावर गेलो तर टपरीवाला ते लांबोडकं खोकं उभं करून त्यालाच टेकून बसलेला. म्हणला, "सर, ड्रिपचे पाईप मागवले का?" मी म्हणलं, हो. म्हणजे बघा, बंदूक हातात यायच्या आधीच मी एक खोटं बोलून बसलो होतो, त्यामुळं पुढं जे झालं त्यात सगळा दोष खोकं पाठवणाऱ्याचाच असं काही मला छातीठोक म्हणता येत नाही.

मागवली होती एअर रायफल. आपल्याकडं छऱ्याची बंदूक म्हणतात ती, जत्रेत फुगे फोडायला असते तिची मोठी बहीण. पण जाहिरातीत तिला छऱ्याची बंदूक कोण म्हणतंय. तिथं लिहिलं होतं, हंटिंग रायफल, वेग १००० एफपीएस (म्हणजे सेकंदाला हजार फूट), आतून रायफलिंग केलेली स्टीलची नळी, अस्सल शिसमचा दस्ता, वजन ३.४ किलो, ५० मीटरवर अचूक. आणि फोटोत एक गोरा दाढीवाला माणूस, ठिपक्याठिपक्याचं जॅकेट, मागं उंच उंच देवदार. इकडं आमच्या पाटोद्याच्या बाजूला बालाघाटाच्या उघड्याबोडक्या डोंगरात बाभळी, बोरी आणि कुसळं, त्यात ठिपक्यांचं जॅकेट घालून माणूस उलट दोन कोसावरनं दिसेल. तरी मी तो फोटो किती वेळा बघितला असेल सांगता येत नाही. रात्री बायको झोपली की मोबाईल उघडायचा, फोटो मोठा करायचा, नळी बघायची, दस्ता बघायचा. शेवटी ६,४९९ रुपये भरले.

आता हंटिंग म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं असं नाही, पाचवी ते सातवीला परिसर आणि विज्ञान शिकवतो मी. १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्यात काही जनावरांची लायसनवर शिकार चालायची, १९९१ च्या दुरुस्तीनं तीही जवळपास बंदच झाली. आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, जखमी करणं, सापळा लावणं, मारायचा प्रयत्न करणं हे सगळं शिकारच. काळवीट तर पहिल्या परिशिष्टात, म्हणजे त्याच्याकडं वाकडी नजर करून बघायचीही सोय नाही, आणि आमच्या रानात काळविटं अशी फिरतात जशी गावात कुत्री. म्हणजे ज्या देशात सामान्य माणसाला हंटिंग करताच येत नाही त्या देशात हंटिंग रायफल नावाची वस्तू राजरोस विकली जाते आणि माझ्यासारखा मास्तर ती विकत घेतो. ह्याच्यावर मुलांना निबंध द्यायला पाहिजे खरं तर.

बायकोला कारण सांगितलं डुकरांचं. ते तसं खोटंही नव्हतं. आदल्या वर्षी हुरड्यात आलेली ज्वारी रानडुकरांनी एका रात्रीत अशी लोळवली होती की सकाळी बघताना वाटावं कुणी रोलर फिरवला. खाल्ली किती तर चार पायली, नासवली मात्र अख्खी पट्टी. पंचनामा झाला, फोटो काढले, फॉर्म भरले, जे काही मिळालं ते मिळेपर्यंत पुढची पेरणी आली. तेव्हा मी म्हणलं, नुसता आवाज करायला घेऊ, लांबनं पत्र्यावर छरा हाणला की डुकरं पळतेत. ती म्हणली, "आहो पत्र्यावर हाणायचंय तर दगूड नाही का?" ह्याला उत्तर नव्हतं. गोफण पण होती घरात.

खरं कारण आबा. माझे आजोबा. आमच्या घरात आबांची रायफल ही एक वस्तूच होती, म्हणजे ती नव्हती पण होती. मी जन्मायच्या आधीच ती गेलेली. आबा वारल्यावर हत्यार पोलीस स्टेशनला जमा केलं आणि कुणी परत आणलं नाही, वारसाच्या नावानं लायसन करून घ्यायला पाहिजे ते कुणी केलं नाही. पण लग्नात, मातीला, कुठंही चार पाहुणे बसले की निघायची. रझाकाराच्या टायमाला आबा माळवदावर रायफल घेऊन तीन रात्री बसले होते, आबांनी पळतं डुक्कर शंभर पावलांवरनं पाडलं होतं, आबांच्या रायफलीचा आवाज तीन गावं ऐकायची. चुलते सांगायचे तेव्हा दोन्ही हात असे धरायचे की मला ती रायफल दिसायची. लहानपणी मी उसाचं टिपरू घेऊन माळवदावर पालथा पडायचो. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या पोटात ते टिपरू अजून तसंच असतं, हे बायकोला कसं सांगायचं?

तर खोकं. घरी आणून कुणी नसताना माळवदावरच फोडलं. बंदूक दिसायला झकास. मधून मोडायची, म्हणजे नळी खाली वाकवली की आतली स्प्रिंग दबते, नळीच्या मागच्या तोंडात छरा बसवायचा, नळी सरळ केली की तयार, घोडा दाबला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढं जातो आणि त्यानं दाबलेली हवा छऱ्याला ढकलते. दारूबिरू काही नाही, सायकलचा पंपच म्हणा. पहिला बार मी चिंचेच्या खोडावर टांगलेल्या जुन्या पत्र्यावर काढला. फाडकन आवाज झाला, नळीतनं निळसर धूर आला, पत्र्याला भोक. मी इकडंतिकडं बघितलं आणि खरं सांगतो एकटाच हसलो. चार-पाच बार असेच. दहावा-बारावा काढेस्तोवर धूर बंद, फाडकनचं झालं फट, आणि छरा पत्र्याला पोचा पाडून खाली. पुढं विसाव्याला नुसतं फुस्स. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. आपल्याला नेहमी तसंच वाटतं, वस्तू नवी असली की.

गल्लीत एक रिटायर फौजी आहेत, सगळे मेजर म्हणतात, होते हवालदार. त्यांच्याकडं नेली. त्यांनी हातात घेतली, वर-खाली तोलली आणि पहिला प्रश्न, "वजन किती लिवलंय?" म्हणलं ३.४. ते काही बोलले नाहीत, नुसते हसले, ते हसणं मला आवडलं नाही. म्हणले, "आमची फौजेतली एसएलआर रायफल रिकामी सव्वाचार किलोच्या वर भरायची, रात्रंदिवस खांद्याव, माझा खांदाच काटा हाय. चल किराणात." किराणा दुकानात साखरेच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आडवी ठेवली. २ किलो ३६० ग्रॅम. दुकानदार म्हणला, सर किलोभर कुठं सांडलं?

परत येऊन मेजरनी नळी मोडून आभाळाकडं धरली आणि एक डोळा झाकून आत बघत राहिले, बराच वेळ. मग मला म्हणले, बघ. मी बघितलं, गोल, चकचकीत, गुळगुळीत, शेवटाला आभाळाचा निळा ठिपका. म्हणलं, छान आहे की. म्हणले, "तेच तर. छान नकोय." मग त्यांनी घरातनं एक बारीक सळई आणली, टोकाला लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळली, तेलाचा थेंब लावला आणि सळई दोन बोटांत सैल धरून नळीतनं हळूहळू ढकलली. "हे बोटाकडं बघ. आत आटे असते तर ही सळई फिरली असती, गरगर. आट्यामुळं तर गोळी फिरत जाती भवऱ्यागत, म्हणून सरळ जाती. म्हणून तर तिला रायफल म्हणायचं. ह्ये फिरंना ना? मग ही पायपाची नळी हाय." सळई खरंच सरळसोट आत गेली आणि सरळसोट बाहेर आली, एक वळसा नाही. माझ्या डोळ्यापुढं टपरीवाला आला. ड्रिपचे पाईप मागवले का सर.

म्हणजे नावातली रायफलच गेली. शिसमचं तर विचारूच नका, दस्त्याच्या तळाला रबराची पट्टी होती ती निघाली आणि आत पांढरं हलकं लाकूड, वरनं तपकिरी पॉलिश मारलेलं, घामाच्या हातानं माझ्या तळव्यालाही लागलेलं.

राहिला वेग. ह्या एका आकड्यावर माझा जीव होता, एक हजार. बाकी सगळं जाऊ द्या, वेग तरी खरा असंल. माझा भाचा अंबाजोगाईला बीएससी करतो, तो सुट्टीला आलेला. त्याला म्हणलं वेग मोजायचं मशीन कुठं मिळंल का रे. तो म्हणला, "मामा, मोबाईल आहे ना." मग त्यानं जे केलं ते मी माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत वर्गात कधी करून दाखवलं नाही ह्याची मला थोडी लाजच वाटली. खळ्यात टेपनं बरोब्बर १० मीटर मोजले. एका टोकाला १५ किलोचा तेलाचा रिकामा डबा, दुसऱ्या टोकाला मी. माझ्या नळीशेजारी मोबाईल, त्यात आवाज रेकॉर्ड करायचं ॲप चालू. मी बार काढला, फट, आणि लगेच डबा वाजला, टण्. मग त्यानं स्क्रीनवर तो आवाज ताणून मोठा केला. दोन काटे दिसले, एक फटचा, एक टण्चा, मधलं अंतर ८८ मिलिसेकंद. असे दहा बार काढले, सगळे त्याच्याच आगंमागं.

"आता ह्यातनं आवाजाला डब्यापासनं मोबाईलपर्यंत यायला लागलेला टाइम काढायचा," भाचा मातीत काडीनं लिहायला लागला, "आवाज सेकंदाला ३४५ मीटर धरू, १० मीटरला २९ मिलिसेकंद. राहिले ५९. म्हणजे छऱ्याला १० मीटर जायला ५९. भागा." मी भागलं. सेकंदाला १७० मीटर. फुटात केलं तर साडेपाचशे. "नळीच्या तोंडाशी थोडा जास्त असंल, हवेनं कमी होतो ना, सहाशे धरा तुमच्या समाधानाला." त्या 'समाधानाला'वर त्याची आई, म्हणजे माझी बहीण, ओसरीवर बसून तूर निवडत होती ती फिसकन हसली. एक हजार असता तर दोन काट्यांमधलं अंतर ६२ भरलं असतं. ८८ आणि ६२. सव्वीस हजारांश सेकंद, पापणी लवायच्या कितीतरी आत, आणि तेवढ्यात माझे ६,४९९ रुपये गेले.

मग सुरुवातीचा तो धूर, ते फाडकन? भाच्यानं ते पण शोधलं. कारखान्यातनं येताना आत तेल-ग्रीस जास्तीचं असतं, हवा एकदम दाबली की तापते आणि ते तेल पेटतं, डिझेल इंजिनात जसं पेटतं तसंच, म्हणून पहिले चार बार जोरात. तेल संपलं की बंदूक आपल्या मूळ जातीवर येते. नव्या नवरीगत म्हणणार होतो, पण बायको हे वाचते.

मी कस्टमर केअरला फोन लावला. कुठली कंपनी ते लिहीत नाही, कारण तिकडं बोलणारं पोरगं बिचारं फार अदबीनं बोललं. "सर, डिस्क्रिप्शन में अप टू लिखा है." खोकं बघितलं. खरंच, हजाराच्या डोक्यावर, मुंगीएवढ्या अक्षरात, अप टू. 'एक हजारापर्यंत'. शून्य पण एक हजारापर्यंतच येतं म्हणा. पुढं तो म्हणला, हलका अलॉयचा छरा वापरा, स्पीड त्याच्यावर मोजतात. ही एक खोडच आहे ह्या धंद्यात, शिशाचा नेहमीचा छरा अर्ध्या ग्रॅमच्या वर असतो, आणि जाहिरातीसाठी त्यापेक्षा कितीतरी हलका छरा घालून वेग मोजतात, आकडा फुगतो. भेंडी तोलायला पोकळ वजन ठेवावं तसं. नळीत आटे नाहीत त्याचं काय विचारलं तर फोन होल्डवर, आणि होल्डवर सनई.

ग्राहक मंचात जायचं ठरवलं. आता २०१९ चा नवा कायदा आहे, जिल्हा आयोग म्हणतात त्याला, फसव्या जाहिरातीची तक्रार करता येते, १९१५ नंबरवर फोनही करता येतो. आमचा एक वर्गमित्र बीडला वकिली करतो, त्याला सगळे आकडे पाठवले. अगदी सोनाराकडं जाऊन दहा छरे तोलून आणले होते मी, ५.२ ग्रॅम, म्हणजे एक छरा ०.५२. सोनार म्हणला, सर कानातलं करायचं का? वकिलानं रात्री फोन केला. म्हणला, केस चांगली आहे, वजनाची घे, शिसमची घे, आट्यांची घे, पण वेगाचं लिहिताना जरा जपून. का? तर म्हणला, तूच गणित कर की मास्तर, ०.५२ ग्रॅमचा छरा सेकंदाला एक हजार फुटानं गेला तर त्याची ताकद किती जूल होती.

मी केलं. चोवीस.

"बरं. आणि बिनालायसनची एअर रायफल कितीपर्यंत चालती? २०१६ च्या शस्त्र नियमात वीस जूल. नळी साडेचार मिलिमीटर आणि ताकद वीस जूलच्या आत, तरच लायसन लागत नाही. म्हणजे खोक्यावर लिहिलंय तशी बंदूक तुला मिळाली असती तर तू आत्ता विनापरवाना हत्यार बाळगून बसला असतास, सरकारी नोकर माणूस." आणि माझी किती? नऊसुद्धा नाही. मी अंथरुणात उठून बसलो. त्यांनी मला फसवलं म्हणून मी कायद्यात होतो. बाजूला बायको म्हणली, "काय झालं?" काही नाही म्हणलं, झोप.

मेजरना हे सांगितलं तर ते इतके हसले की ठसका लागला. मग म्हणले, खरी शिकारीची रायफल पाहिजे होती तर .३१५ घ्यायची, आपल्या सरकारी कारखान्याची, आठ मिलिमीटरची गोळी, पाच गोळ्यांचं मॅगझिन. आणि ती ३१५ का माहीत आहे का? इंग्रजांनी ३०३ फौजेसाठी राखली, साध्या माणसाला ती गोळी मिळू द्यायची नाही म्हणून, मग शिकारवाल्यांसाठी दुसऱ्या मापाची चालली, ती आजतागायत चालूच आहे. "तुझ्या आबाची तीच असंल," म्हणले. "त्या टायमाला मोठ्या लोकाकडं तीच असायची."

हे ऐकून माझ्या जरा जिवात जीव आला, आपली नाही तर नाही, आबांची तरी खरी. दुसऱ्या रविवारी आत्याकडं गेलो. आत्या आबांची थोरली, आता पंच्याऐंशीच्या घरात, ऐकायला कमी येतं पण ट्रंकेची किल्ली अजून कंबरेला. म्हणलं आबांच्या रायफलीचे कागद आहेत का गं. तिनं ट्रंक उघडली. वर सातबारे, त्याखाली निजामाच्या काळातले उर्दूतले कागद, ते आता घरात कुणालाच वाचता येत नाहीत, त्याखाली कापडात बांधलेलं लायसनचं पुस्तक. करकर वाजणारे पिवळे कागद, इंग्रजीत टाइप केलेले. साल १९६४. हत्याराच्या रकान्यात चार अक्षरं, एस बी एम एल. कारणाच्या रकान्यात, पीक संरक्षण.

मला लगेच कळलं नाही. घरी येऊन शोधलं. सिंगल बॅरल मझल लोडर. म्हणजे ठासणीची बंदूक, भरमार. पुढच्या तोंडातनं दारू ओतायची, वर चिंधी, वर छरे, गजानं ठासायचं, मागं टोपी बसवायची आणि मग बार. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत डुक्कर शिवार ओलांडून जातं. आटे नाहीत. गुळगुळीत नळी. शस्त्र कायद्यात अशा ठासणीच्या बंदुकीला पिकाच्या राखणीसाठी लायसन द्यायची वेगळी सोयच आहे, गरीब शेतकऱ्याचं हत्यार ते.

आणि १९६४. रझाकार १९४८ चे. मी परत आत्याला फोन लावला, मोठ्यानं ओरडून विचारलं, मग माळवदावर आबा काय घेऊन बसले होते? आत्या म्हणली, "कुठलं माळवद रं. रझाकार आले म्हनल्याव आमी समदे डोंगरात पळालो. मी ल्हान व्हते, आबाच्या खांद्याव व्हते मी. त्याच्या हातात दुधाचा तांब्या व्हता."

मी बराच वेळ फोन कानाला तसाच धरून होतो. पलीकडं आत्या हॅलो हॅलो करत होती.

चुलत्यांना मी हे सांगितलेलं नाही. ते आता थकलेत, पण पाहुणे आले की अजून दोन्ही हात तसे धरतात.

डुकरांचं म्हणाल तर यंदा झटका मशीन बसवलं, चार एकराला तारा ओढल्या, वर सोलरची प्लेट. बायकोनंच चौकशी करून आणलं, तिच्या बचत गटातल्या दोघींकडं आधीच होतं. बॉक्सवर जे लिहिलंय ते ते करतं का, हे मी तारेला हात लावून बघितलं. करतं.

तक्रार मी केली, वेग सोडून बाकीच्याची, ती चालू आहे, पुढची तारीख मिळाली. पैसे मिळतील तेव्हा मिळतील पण बंदूक घरात ठेवायची नव्हती, पोरगं आठवीत आहे, त्याचा डोळा तिच्यावर असतो आणि त्या डोळ्यातलं टिपरू मला ओळखू येतं. पण केसचा निकाल लागेपर्यंत वस्तू राहू दे असं वकील म्हणतो, म्हणून तूर्त मेजरच्या कपाटात. तरी मी मोबाईलवर विकायची जाहिरात लिहून ठेवली होती आणि मधे एकदा भाच्यानं ती चुकून टाकलीच. त्यात सगळं खरं लिहिलं होतं. छऱ्याची बंदूक. वजन २ किलो ३६०. नळी गुळगुळीत, आटे नाहीत. लाकूड साधं. वेग सहाशेच्या आत, मोबाईलवर मोजलेला. किंमत दोन हजार.

दोन दिवसात एकच फोन आला, गेवराईकडचा कुणीतरी. पोरगं आवाजावरनं विशीतलं. म्हणला, "सर, ती हजार एफपीएसवाली हाय का?"

म्हणलं, नाही, सहाशे. ते पण ओढूनताणून.

"मग नको," म्हणला. फोन ठेवता ठेवता थांबला आणि म्हणला, "सर, हजारवाली कुठं भेटंल?"